उतरलेला कोट आणि निवडलेला कोट

आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा या वर्षी परदेश शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडला निघाला. घराण्यातला पहिला पदवीधर. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, विद्यापीठाची कागदपत्रे झाली, आणि शेवटच्या आठवड्यात सगळे अडून बसले ते एका कोटावर.

तिकडे डिसेंबरात दुपारी चारच्या आतच अंधार पडतो, वारा समुद्रावरून येतो आणि पाऊस आडवा लागतो. पुण्यात थंडीला आपण जे जाकीट घालतो त्यावर तिथे भागत नाही. एडिंबरोला आधीपासून शिकत असलेल्या आमच्या एका ताईने व्हिडिओ कॉलवर सांगितले की भारतातून कोट आणू नकोस. इथे चॅरिटी शॉप असतात, लोकांनी दिलेले वापरलेले कपडे विकून संस्था पैसे उभे करतात, तिथे शुद्ध लोकरीचा कोट वीस-पंचवीस पौंडांत मिळतो. तसलाच नवा घ्यायला गेलास तर शिष्यवृत्तीचा हप्ता येण्याआधीच खिसा रिकामा होईल.

मुलगा खूश झाला. कोटासाठी वर्गणी काढायच्या विचारात असलेले आम्हीही खूश झालो. पण इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकणारे त्याचे वडील म्हणाले, "सर, उतरलेला कोट माझं पोरगं घालणार न्हाई. मी घातला तेवढा बास झाला."

काका एका हाउसिंग सोसायटीत वॉचमन आहेत. डिसेंबरात रात्रपाळीला ते जे जाकीट घालतात ते तिथल्याच एका साहेबांचे आहे. बाह्या लांब, चेन बिघडलेली. एका दिवाळीला बोनस मागितला तेव्हा पैशांऐवजी हे हातात पडले होते. आणि त्यांच्या आज्याच्या अंगावर, ते सांगतात, कधी दुकानातले कापड चढलेच नाही. जे चढले ते गावात कुणी मेले की मिळायचे.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले. जिभेवर लगेच पर्यावरण, पुनर्वापर असे शब्द आले होते. ते गिळले हे बरे झाले. कारण काकांनी विचारलेला प्रश्न आमच्या पदवीपेक्षा मोठा होता. जुना कोट आणि उतरलेला कोट यांत फरक आहे का? असेल तर तो कापडात आहे की आणखी कशात? त्या दिवशी उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्याच घरापासून. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावे याचा नियम घालून दिला आहे. मेलेल्यांची वस्त्रे. त्याच श्लोकात फुटक्या भांड्यात जेवण आणि लोखंडाचे दागिने. मित्रांनो, ही गरिबी नव्हे. गरीब माणसाला जे परवडते ते तो घेतो, आणि उद्या दोन पैसे आले तर बरे घेतो. इथे दोन पैसे आले तरी बरे घ्यायचे नाही, असा आदेश आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात हाच आदेश 'हक्क' या गोंडस नावाखाली चालला. मयताची बातमी परगावी पोचवायची, सरणाची लाकडे वाहायची, आणि त्या बदल्यात प्रेतावरचे कापड घ्यायचे. मजुरी म्हणून रोख रक्कम मागण्याची सोयच नाही. हक्क म्हटले की तक्रार करणारा कृतघ्न ठरतो, ही त्यातली खरी मेख.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे मानण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी तिथली गुलामी नष्ट केली त्यांना अर्पण केले. त्यांची नजर तिकडे गेली, म्हणून आपणही कोटाचा शोध तिकडेच घेऊ. थंडी तिथे आहे, कोटही तिथलाच आहे.

फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मले, १८३८ साली पळून मुक्त झाले आणि १८४५ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिले. त्यात ते सांगतात की लहानपणी त्यांना मार फारसा बसला नाही, पण भूक आणि थंडी यांनी हाल केले. मुलांना विजार नाही, बूट नाही, जाकीट नाही. गुडघ्यापर्यंत येणारा जाड्याभरड्या कापडाचा सदरा, एवढाच उन्हाळ्यात आणि एवढाच हिवाळ्यात. रात्री हा मुलगा मका वाहायचे पोते चोरून आणायचा आणि त्यात डोके घालून झोपायचा, पाय बाहेर. थंडीने त्या पायांना अशा भेगा पडल्या होत्या की आता लिहिताना हातात असलेली लेखणी त्या भेगेत मावेल, असे ते लिहितात. मोठ्या पुरुषांना वर्षाला काय मिळायचे याचीही यादी त्यांनी दिली आहे. दोन सदरे, उन्हाळी विजार, हिवाळी विजार, एक जाकीट, एक मोज्यांचा जोड, एक बुटांचा जोड. सगळे मिळून सात डॉलरपेक्षा जास्तीचे नाही.

ही हिवाळी विजार ज्या कापडाची होती त्याला बाजारात नावच होते: निग्रो क्लॉथ. आधी वेल्सच्या डोंगराळ भागातल्या विणकरांनी विणलेले भरड लोकरी कापड जहाजांतून गुलामांच्या मळ्यांवर जायचे. पुढे अमेरिकेच्या उत्तरेत, ऱ्होड आयलंडसारख्या गुलामी संपत आलेल्या राज्यात, गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी दक्षिणेतल्या मळेवाल्यांसाठी हेच कापड काढले. पीस डेल इथल्या हॅझर्ड कुटुंबाच्या गिरण्या त्यात प्रसिद्ध. कापडाचे नाव माणसाच्या रंगावरून. म्हणजे ठाणातून कापड फाडण्याआधीच ते कुणाच्या अंगावर जाणार हे ठरलेले.

आणि कुणी ते नको म्हटले तर? साउथ कॅरोलायनात १७३५ साली कायदा झाला. गुलामांनी कोणकोणती भरड कापडे वापरावीत याची त्यात यादी होती, त्याहून चांगले कापड अंगावर दिसले तर अंमलदाराने ते काढून घ्यावे असे होते. १७४० च्या कायद्यात हेच पुन्हा आले. त्यात एक सवलत मात्र होती: मालकाच्या घरातली वर्दी घालणाऱ्या नोकरांना हा नियम लागू नाही. कारण उघड आहे. वर्दीचा कोट उंची असला तरी तो गुलामाचा नसतो. मालकाची श्रीमंती मिरवायला गुलामाचे खांदे वापरलेले असतात.

मनुस्मृती आणि साउथ कॅरोलायनाचा कायदा एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांनाही एकच गोष्ट सुचली, याचा विचार व्हायला हवा. माणसाला खाली ठेवायचे असेल तर त्याला उघडे ठेवून चालत नाही, उघडा माणूस मरतो आणि काम बुडते. त्याला कपडा द्यायचा, पण निवडू द्यायचा नाही.

या साऱ्या इतिहासात आम्हाला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते न्यूयॉर्कच्या एका दुकानाने. ब्रूक्स ब्रदर्स, स्थापना १८१८, आजही चालू. या दुकानाने अब्राहम लिंकनसाठी एक थंडीचा मोठा कोट शिवला. काळी लोकर, आत रेशमी अस्तर, अस्तरावर हाताने टाचलेला गरुड आणि एक देश, एक भवितव्य अशा अर्थाचे शब्द. १८६५ च्या मार्चमध्ये दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना तो लिंकनच्या अंगावर होता, असे म्हणतात. १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये त्यांना गोळी लागली तेव्हाही लिंकन तोच कोट घेऊन आले होते. गुलामी संपवणाऱ्या माणसाचा कोट.

आणि याच दुकानाचे आणखी दोन कोट न्यू ऑर्लिन्सच्या एका संग्रहालयात ठेवलेले आहेत. ते एका श्रीमंत मळेवाल्याने आपल्या गुलाम नोकरांच्या वर्दीसाठी घेतलेले. दुकान एक, कारागिरी एक. लिंकनच्या मापाला शिंपी उभा राहिला असेल, अस्तर कुठले हवे असे विचारले गेले असेल. त्या दोघा नोकरांना कुणी विचारले नाही. कोट म्हणून पाहिले तर तिन्ही उत्तमच. काकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हाला इथे मिळाले. फरक कापडात नाही.

गंमत म्हणजे हेच दुकान १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला बदनामही झाले होते. न्यूयॉर्कच्या सैनिकांना पुरवलेले गणवेश पावसात विरघळल्यासारखे फाटले, कारण ते 'शॉडी'चे होते. शॉडी म्हणजे जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, पुन्हा कातून केलेले कापड. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या बॅटले गावात १८१३ साली बेंजामिन लॉने ही युक्ती काढली आणि अर्ध्या युरोपच्या चिंध्या तिथे येऊ लागल्या. इंग्रजीत या शब्दाचा अर्थच पुढे 'निकृष्ट' असा झाला. आज हा धंदा आपल्या पानिपतात आहे. श्रीमंत देशांनी टाकलेले स्वेटर आणि कोट गाठोड्यांनी येतात, बाया बसून बटणे-चेन कापतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, आणि त्याचे धागे होऊन घोंगड्यांसारख्या स्वस्त ब्लँकेटा बनतात. पूर आला, भूकंप झाला की मदतकार्यात ज्या वाटल्या जातात, त्यातल्या कित्येक याच. म्हणजे एडिंबरोत कुणी कोट टाकला आणि तो चॅरिटी शॉपमध्ये विकला गेला नाही, तर फिरत फिरत तो आपल्याच एखाद्या पूरग्रस्त वस्तीत येऊ शकतो. कोट चांगला असतानाच तिथे जाऊन आपल्या मुलाने विकत घेतला तर तो प्रवास मधेच थांबतो, एवढे तरी मान्य करायला हवे.

आता उरलेले निम्मे उत्तर. त्यासाठी लंडनला जाऊ.

१८५२ चा फेब्रुवारी. सोहो भागातल्या डीन स्ट्रीटवरच्या दोन खोल्यांत कार्ल मार्क्स राहत होते. त्या महिन्यात त्यांनी एंगल्सना पत्र लिहून कळवले की कोट गहाण पडले आहेत आणि त्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. मार्क्स ज्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून अर्थशास्त्र वाचत, ते हिवाळ्यात कोटाशिवाय गाठायचे कसे? थंडी तर होतीच, पण कोट नसलेल्या माणसाला तिथे सभ्य म्हणून कोण आत घेणार? पुढे १८६७ मध्ये 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड आला तेव्हा मूल्याचे कोडे सोडवताना त्यांनी उदाहरण घेतले ते वीस वार लिननचे आणि एका कोटाचे. आमच्या मते ते उदाहरण सहज सुचलेले नव्हते. ज्याने कोट सावकाराकडे ठेवून पाव आणला त्यालाच कोटाला किती किमती असतात ते कळते.

त्या काळच्या लंडनमध्ये जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार होता. पेटिकोट लेन, हाउंड्सडिच हे भाग त्यासाठी ओळखले जात. हेन्री मेह्यू या पत्रकाराने त्याची तपशीलवार वर्णने केली आहेत. पाठीवर पोते टाकून गल्लोगल्ली जुने कपडे गोळा करणारे बहुतेक गरीब ज्यू. इतर धंद्यांची दारे ज्यांना बंद, त्यांच्या वाट्याला उतरलेले कपडे आले. आपल्याकडच्या बोहारणी आठवा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येतात, एका स्टीलच्या डब्यासाठी तीन पँटी घेतात, आणि ज्या घरातून कपडे घेतात तिथेच त्यांना उंबऱ्याबाहेर बसवले जाते. मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः देवीपूजक म्हणजे वाघरी समाजाच्या बायका करतात. उतरलेल्या कपड्यांचा धंदा कुणाच्या गळ्यात पडतो, हे जगभर सारखेच दिसते.

पण या बाजाराला दुसरीही बाजू आहे. तिथे मजूर येत, कोट उलटून पाहत, भाव पाडत, पैसे मोजत आणि न पटला तर सोडून पुढच्या दुकानी जात. सोडून जाता येणे, हीच ती गोष्ट. प्रेतावरचे कापड सोडून जाता येत नव्हते. मळ्यावरचे जाकीट सोडून जाता येत नव्हते. काकांनाही बोनसच्या जागी आलेले जाकीट परत करता आले नाही, कारण दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायचे होते. ज्याला 'नको' म्हणता येत नाही तो कपडा उतरलेला. ज्याचे पैसे मोजले, जो पारखून घेतला, तो जुना असला तरी आपला.

बाबासाहेबांकडे पाहा. १९१३ च्या जुलैत बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ च्या जूनपर्यंत राहिले. म्हणजे तिथले तीन हिवाळे त्यांनी काढले. त्याच पैशांतून घरीही पाठवत. आणि तरीही त्यांनी तिथे सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. कुठली? जुनी! न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एकेक निवडून घेतलेली. दुसऱ्याने वापरून सोडलेले पुस्तक घेतल्याने ज्ञान बाटत नाही, मग लोकर कशी बाटेल? पुढे १९२० ते २३ या काळात लंडनमध्ये अर्धपोटी राहून ते त्याच ब्रिटिश म्युझियममध्ये दिवसभर वाचत बसले, जिथे कोटावाचून मार्क्सना जाता येत नव्हते.

बाबासाहेबांच्या सुटावरून आजही टोमणे मारणारे लोक आहेत. साहेबी थाट, म्हणतात. गांधींनी १९२१ साली मदुरेत पंचा स्वीकारला आणि पुढे लंडनलाही ते त्याच वेशात गेले, याचे कौतुक होते. होऊ द्या. पण ज्याच्याकडे बॅरिस्टरचा कोट होता त्यालाच तो उतरवता आला. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसमोर जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले, तीही त्यांची निवडच होती. ज्यांच्या आज्याला पंचाच सक्तीचा होता त्यांच्यासाठी कोट चढवणे हीसुद्धा निवडच. महाडला १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे जड दागिने का टाकावेत, हे समजावले. ग्रंथ जाळणे आणि निऱ्या बदलणे ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नाहीत.

अर्थात, कोटाने जात जात नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९०१ साली ते भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. नवे विलायती सदरे, चकचकीत टोप्या, नवे बूट. मसूर स्टेशनावरच्या मास्तरला ही ब्राह्मणांची मुले वाटली. जात सांगताच तो आपल्या खोलीत निघून गेला, आणि गाडीवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. स्कॉटलंडलाही आपलीच माणसे भेटतील, आडनाव विचारतील. कोट तेवढ्यापुरता वाऱ्यापासून वाचवेल, आणि वाऱ्यापासून तरी नीट वाचवावे.

म्हणून कोट कसा पारखायचा ते सांगतो, कारण निवड म्हणजे नुसती इच्छा नव्हे, ती एक माहितीही आहे. आधी आतले लेबल वाचायचे. लोकर ऐंशी टक्के किंवा जास्त हवी. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्या कुरळ्यांत हवा अडकते आणि ती अडकलेली हवा ऊब धरते. शिवाय लोकर बरीच ओल पिऊनही अंगाला गार लागत नाही. पिसे भरलेली फुगीर जाकिटे कोरड्या बर्फात उत्तम, पण भिजली की पिसे चिकटतात आणि ऊब जाते, आणि स्कॉटलंड म्हणजे पाऊस. कापड मेल्टनसारखे घट्ट, ठोकून दाट केलेले असावे. उजेडासमोर धरावे, कसरीने खाल्लेली भोके लगेच दिसतात. तोंडाजवळ धरून फुंकावे, पलीकडे हवा सहज गेली तर वाराही येणारच.

माप घेताना आत स्वेटर घालूनच जावे. दोन्ही हात पुढे करून सायकलचे हँडल धरल्यासारखे करावे, पाठीत ताणला तर सोडून द्यावा. लांबी बसायची जागा झाकेल एवढी, मांडीपर्यंत आली तर उत्तम. कॉलर उभी करून गळ्याशी बंद होते का पाहावे. अस्तर फाटलेले असेल तर घाबरू नये, ते बदलता येते. बटणेही लावता येतात. बाह्या आखूड करता येतात. खांदा मात्र कुणाला दुरुस्त करता येत नाही, शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. काकांच्या त्या जाकिटाची शिवण दंडावर येते.

हे सगळे आम्ही काकांना जाऊन सांगितले. मार्क्सच्या गहाण कोटाची गोष्ट त्यांना फार आवडली, दोनदा ऐकली. शॉडीची ऐकून ते म्हणाले, "म्हंजी पुरात वाटलेल्या ब्लँकेटा उगं नव्हत्या विरत." कोटाबद्दल हो किंवा नाही, काहीच बोलले नाहीत. मुलगा साधे जाकीट आणि दोन स्वेटर घेऊन विमानात बसला.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही काकांच्या खोलीवरच होतो. गडद निळा कोट, मांडीपर्यंत. एका दुकानात पसंत पडला नाही, दुसऱ्यात खांदा बसला नाही, तिसऱ्यात हा मिळाला, असे तो सांगत होता. काकांनी त्याला पाठमोरे वळायला लावले, हात पुढे करायला लावले, कोट काढून उलटा करून अस्तर दाखवायला लावले. मग बराच वेळ नुसते बघत राहिले.

"चांगला हाय," शेवटी म्हणाले. "बिल घेतलंस का? दाखव बिल."

मुलाने खिशातून चिटोरे काढून कॅमेऱ्यासमोर धरले. बावीस पौंड. काकांना इंग्रजी आकडे वाचता येतात, ते त्यांनी मोठ्याने वाचले.